कारागृहातल्या बंद्याला पत्र लिहिण्याआधी : नागपूर जीपीओच्या पोस्ट बॉक्सचं परीक्षण

तुरुंगातल्या माणसाशी पत्रमैत्री करायची म्हटली की घरातून पहिला प्रश्न येतो, "त्याने केलंय काय?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते : त्या माणसाचं उत्तर कोणत्या पत्त्यावर येणार? पत्रातल्या मजकुरात चूक झाली तर पुढच्या पत्रात सावरता येते. पाकिटावर लिहून दिलेला धरमपेठेतला किंवा महालातला घरचा पत्ता मात्र परत मागता येत नाही. बराकीत पत्रं हातोहात फिरतात, पाकीट गादीखाली वर्षानुवर्षं राहतं, आणि शेजारचा बंदी सुटून जाताना तो पत्ता पाठ करून जाऊ शकतो. म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओची, म्हणजे शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाची, पोस्ट बॉक्स सेवा या एकाच कामासाठी कितपत उपयोगी पडते, ते इथे पाहू.

सेवा साधी आणि जुनी आहे. टपाल कार्यालयात कुलपाचा एक खण भाड्याने मिळतो, त्याला क्रमांक असतो आणि तो क्रमांक हाच तुमचा पत्ता होतो. अर्ज, ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. किल्लीसाठी अनामत लागते का, तेही तेव्हाच विचारा. वर्षाला १५० आणि तिमाहीला ५० रुपये हा अनेक वर्षं चालत आलेला दर. पैसे भरण्यापूर्वी खिडकीवर आजचा दर विचारून घ्या. तिमाहीच्या फंदात पडू नये. पत्रमैत्रीत एक फेरी पूर्ण व्हायलाच कधी दीड-दोन महिने जातात आणि मुदत संपल्यावर आलेलं पत्र अधांतरी राहतं. तुमचं खरं नाव आणि घर टपाल खात्याला माहीत राहतं, यात घाबरण्यासारखं काही नाही. उद्या धमकीचं पत्र आलं तर पोलिसांना हीच नोंद उपयोगी पडेल.

अर्ज देतानाच एक गोष्ट स्पष्ट विचारा : पाकिटावर फक्त पहिलं नाव आणि बॉक्स क्रमांक असला तर पत्र खणात पडेल का? पत्रमैत्रीसाठी आडनाव देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. नागपुरात आडनावावरून गाव, समाज आणि कधी कधी गल्लीसुद्धा सांगता येते. खोटं नाव मात्र घेऊ नका. कारागृहाने कधी चौकशी केली तर अडचण बंद्याची होते. पत्र खणात पडेल असं खिडकीवर सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. ५० पैशांची दोन पोस्टकार्डं घ्या, त्यावर हाच पत्ता लिहा, एक जीपीओतून टाका आणि दुसरं वर्ध्याला किंवा भंडाऱ्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून टाकून घ्या. दोन्ही खणात सापडली की मगच तो पत्ता कारागृहात पाठवा.

बॉक्स जीपीओतच का, घराजवळच्या टपाल कार्यालयात का नको? पिनकोडमुळे. त्यातले पहिले तीन आकडे, आपल्याकडे ४४०, नागपूर दाखवतात आणि शेवटचे तीन थेट वाटप करणारं कार्यालय सांगतात. ४४००२२ लिहिलं की समोरच्याचा शोध प्रतापनगरच्या आसपास येऊन थांबतो. ४४०००१ मधून फार तर एवढंच कळतं की हा माणूस नागपूरचा आहे. शिक्क्याचंही तसंच. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलेल्या पत्रावर तुमच्या भागातल्या कार्यालयाचा शिक्का बसू शकतो, म्हणून पत्रं खण उघडायला जाल तेव्हा जीपीओतच टाकावीत.

या सेवेच्या उणिवाही आहेत. पत्र आलं की नाही हे फोनवर कळत नाही, आठवड्यातून एक चक्कर मारावीच लागते. नंदनवन किंवा हिंगणा रोडवरून येणाऱ्याला त्यात अर्धा दिवस जातो. खासगी कुरिअर पोस्ट बॉक्सवर येत नाही. सहीने घ्यायच्या टपालासाठी खिडकीवर जावं लागतं, त्यामुळे बंद्याला साधं पत्रच पाठवायला सांगा. आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. पोहोच हवी म्हणून स्पीड पोस्ट केलं तर काउंटरवर प्रेषकाचा पत्ता आणि मोबाइल नंबर मागतात. पत्ता म्हणून बॉक्सच द्या, मोबाइल नंबर तोंडी सांगा, पाकिटावर हाताने अजिबात लिहू नका. बुकिंगचं लेबल चिकटवलं की त्यावर काय छापलंय ते पाकीट हातातून सोडण्याआधी वाचा. दर पत्राला पोहोच लागतेच असं नाही, एरवी ५ रुपयांचं पाकीट पुरतं.

बॉक्सऐवजी लोक जे करतात ते बहुतेक चुकीचं असतं. दुकानाचा किंवा ऑफिसचा पत्ता देणं सगळ्यांत वाईट. तिथे तुम्ही रोज ठरलेल्या वेळी सापडता. मैत्रिणीचा पत्ता देणं म्हणजे आपली जोखीम तिच्या दारात नेऊन ठेवणं. प्रेषकाचा पत्ताच न लिहिणं हा तर उपाय नव्हेच. एक तर कारागृह असं पत्र अडवू शकतं, आणि पत्र पोहोचलं नाही तर टपाल खात्याच्या परतपत्र कार्यालयात ते प्रेषक शोधण्यासाठी उघडलं जातं. अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र स्वस्त आहे, पण त्याच्या मागे प्रेषकाच्या नावापत्त्याची छापील जागा असते आणि सवयीने हात तिथे घरचा पत्ता लिहून मोकळा होतो. चूक होते ती बहुधा इथेच. पाकिटं आणायची तेव्हा दहा एकदम आणा आणि सगळ्यांवर मागच्या बाजूला बॉक्सचा पत्ता आधीच लिहून ठेवा.

बॉक्समुळे पत्ता झाकला जातो. मजकूर तुम्हालाच सांभाळायचा आहे. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र कारागृह प्रशासन तपासतं आणि ते रोखण्याचा अधिकार अधीक्षकाला असतो. म्हणजे वाचक किमान दोन, बराक धरली तर जास्त. मुलांची शाळा, रोजची बस, घरी एकट्या असण्याच्या वेळा, सोसायटीचं नाव यातलं काही लिहू नका. एकेका पत्रात हे निरुपद्रवी वाटतं, सहा पत्रं शेजारी ठेवली की नकाशा तयार होतो. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक पत्राचा फोटो काढून ठेवा आणि नवं लिहिण्याआधी जुनी चाळा. ज्या पॅडवर आधी कुणाला तरी घरचा पत्ता लिहिला असेल त्याचा खालचा कागद वापरू नका, पेनाचा दाब उमटलेला असतो. छापील फोटो पाठवायचा असेल तर मागे स्टुडिओचा शिक्का आहे का बघा, त्यावर पेठेचं नाव असतं. फोटोत दारावरची पाटी, शाळेचा गणवेश किंवा एमएच ३१, एमएच ४९ ने सुरू होणारी नंबरप्लेट नको.

फोन नंबर कधीच देऊ नका. "माझा भाऊ बाहेर आहे, तो तुम्हाला फोन करेल" ही विनंती आली की तिथेच थांबा. नंबरावरून ट्रूकॉलर नाव सांगतो, व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाखवतो, यूपीआय बँकेतलं नाव समोर ठेवतो. बॉक्सचे वर्षाचे पैसे एका फोन नंबरात वाया जातात. पैशांचंही तेच : मनीऑर्डरवर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता जातं आणि एकदा पाठवलेली रक्कम दुसऱ्या पत्रात हक्क होऊन येते. पहिल्या पत्रातच सभ्य भाषेत लिहा, की पैसे आणि वकील या दोन बाबतीत मदत होणार नाही.

लिहायचं कुणाला, यावरही बॉक्सचा उपयोग अवलंबून आहे. न्यायबंदी, म्हणजे ज्याचा खटला चालू आहे, त्याला कधीही जामीन मिळू शकतो आणि त्याची पत्रं खटल्यात ओढली जाऊ शकतात. सुरुवात सिद्धदोष, म्हणजे शिक्षा झालेल्या, बंद्यापासून करावी. तोही संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) बाहेर येतो, हे विसरू नका. नागपूरकराने वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहापेक्षा कोल्हापूरच्या कळंबा किंवा नाशिकरोडच्या कारागृहात लिहिणं शहाणपणाचं. दूरच्या बंद्याला खणापाशी येऊन उभं राहणं अवघड जातं. बंद्याने सांगितलेली हकीकत ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने तपासा. रजेच्या अर्जांवरच्या उच्च न्यायालयाच्या आदेशांत बंदी क्रमांक आणि कारागृहाचं नाव बहुधा असतं. हकीकत जुळली नाही तर पत्रव्यवहार थांबवा.

अमेरिकेतल्या कैद्यांना लिहिणारेही नागपुरात आहेत, त्यांच्यासाठी वेगळा मुद्दा. तिथल्या अनेक राज्यांत मूळ पत्र कैद्याच्या हाती जातच नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१८ पासून कैद्यांचं टपाल फ्लोरिडातल्या स्मार्ट कम्युनिकेशन्स या खासगी कंपनीकडे वळवलं, तिथे ते स्कॅन होतं आणि कैद्याला प्रत मिळते. तुमच्या अक्षरासकट पत्ता एका कंपनीच्या संगणकात जातो, म्हणून तिथे तर बॉक्सशिवाय लिहूच नये. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय टपाल खात्याने अमेरिकेचं टपाल थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. असा खंड पडला की समोरचा माणूस अस्वस्थ होतो आणि "दुसरा पत्ता द्या" म्हणतो. तेव्हाही बॉक्सच द्यायचा.

आमच्याकडून या सेवेला पाचपैकी चार. एक गुण कापला तो चकरांसाठी. पत्रमैत्री थांबवायची झाली तर शेवटचं पत्र लिहून त्यात तसं स्पष्ट सांगा आणि त्यानंतर किमान तीन महिने बॉक्स चालू ठेवा. वाटेत असलेलं उत्तर त्या काळात येऊन पडतं. मग किल्ली परत करा, अनामत भरली असेल तर ती मागून घ्या, आणि पुढे कधी नव्याने सुरुवात केलीत तर वेगळा क्रमांक मागा.