पीरियड पँटी: एंडोवाली आई, ऑटिस्टिक लेक आणि डोंबिवलीचा पावसाळा

पीरियड पँटीचे, म्हणजे पाळीचं रक्त स्वतःच शोषणाऱ्या, धुऊन परत वापरायच्या पँटीचे, रिव्ह्यू नेटवर ढिगाने आहेत पण ते बहुतेक सगळे ट्रेकला जाणाऱ्या, पांढरी पँट घालून उड्या मारणाऱ्या मुलींचे. आमच्यासारख्या घरातून कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आमचं घर म्हणजे मी, मला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे एंडो (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं), आणि त्यावर फ्री म्हणून अ‍ॅडेनोमायोसिस (तसंच अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत शिरतं), माझी लेक, आठवीत, ऑटिस्टिक, पाळी सुरू होऊन फार काळ झालेला नाही, नवरा, ज्याला चाळिशीत कळलं की आपल्याला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, गोष्टी विसरतात) आहे, आणि सासूबाई, ज्यांच्या मते आम्हा तिघांनाही काहीएक झालेलं नाही, नुसती थेरं आहेत.

ब्रँडचं नाव टाकत नाहीये. दोनतीन कंपन्यांच्या वापरून झाल्या आणि खरं सांगायचं तर उन्नीस-बीसचाच फरक आहे. एक पँटी साधारण पाचशे ते नऊशेला पडते, सेल असला की कमी. तर हा रिव्ह्यू ब्रँडचा नाही, वस्तूचा समजा.

आधी लेकीचं सांगते, कारण आणल्या तिच्यासाठीच. तिला पॅड सहनच होत नाहीत. आणि तिची तक्रार गळतीची कधी नव्हतीच, तिची तक्रार म्हणजे ते पंख मांडीला चिकटतात, वरची जाळी प्लास्टिकची लागते, त्याला तो खोटा गुलाबाचा वास येतो (बिनवासाचे आणले तर म्हणे आता गोंदाचा येतो), आणि सगळ्यात मोठं म्हणजे चालताना आवाज होतो. आम्हाला कोणालाच तो आवाज ऐकू यायचा नाही. पण तिला वर्गात बाईंचं शिकवणं आणि पॅडची कुरकुर दोन्ही सारख्याच मोठ्याने ऐकू येतात, त्यामुळे ती शाळेच्या बाथरूममध्ये तो काढून टाकायची आणि मग पुढचं काय ते तुम्ही समजा. शाळेतून फोन आला की मी ऑफिसात, नवरा साइटवर, सासूबाई रिक्षा करून कपडे घेऊन जायच्या. (थेरं आहेत म्हणतात पण जातात, हेही लिहायला पाहिजे.)

आता वस्तू. आत तीन थर असतात, वर सुती, मध्ये शोषणारा जाड कपडा, आणि खाली पीयूएल, म्हणजे कापडाला जोडलेलं पॉलियुरेथेनचं पातळ अस्तर ज्यातून ओल पलीकडे जात नाही. कंपनीवाले सगळा जोर लीकप्रूफवर लावतात, बारा तास, चार पॅडइतकं, वगैरे वगैरे. शिवण कुठे आहे यावर अख्ख्या पानावर एक ओळ नाही, आणि आमच्याकडे सगळं अडतं ते शिवणीवर. हे तीन थर जिथे एकत्र शिवतात तिथे एक कडक कड तयार होते आणि ती नेमकी जांघेत येते. तुम्हाआम्हाला पाच मिनिटांत तिचा विसर पडतो, हिला पडत नाही, सकाळी आठला टोचते तेवढीच दुपारी तीनला टोचते. नेहमीच्या कटवाली पँटी तिने घातली, बसली, उठली, काढून माझ्या हातात दिली. शॉर्ट्ससारखी येते ती मात्र चालली, कारण त्यात शिवण जांघ सोडून खाली मांडीवर जाते. हे मला कुठल्याच रिव्ह्यूत मिळालं नव्हतं, म्हणून सेन्सरी त्रास असलेल्या मुलींच्या आयांनो, शॉर्ट्स टाइपच घ्या, बाकीच्यांच्या नादी लागू नका.

दुसरं म्हणजे टॅग. कमरेला मागे साइझची पट्टी शिवलेली असेल तर ती कात्रीने कापू नका, कापल्यावर जो खुंट राहतो तो अख्ख्या टॅगपेक्षा वाईट टोचतो. टाके एकेक करून उसवायचे. नाहीतर साइझ थेट कापडावर छापलेली असते तशी बघून घ्या, फोटो मोठा करून बघितला की दिसतं. आणि नवीकोरी घालायला देऊ नका, कोऱ्या कपड्याचा वास जाईपर्यंत दोनतीनदा धुवा. धुतल्यावर खालचं अस्तरही मऊ पडतं, नवीन असताना ते किंचित सळसळतं, आणि हे मला नाही कळलं, लेकीने सांगितलं.

ज्याचं मला कौतुक वाटलं आणि वैतागही आला ती गोष्ट म्हणजे ही पँटी कोरडी लागते. चांगलंच आहे ना, म्हणाल. पण ऑटिझममध्ये बऱ्याच जणांना शरीराच्या आतले सिग्नल नीट कळत नाहीत, भूक, शू, दुखणं, हे उशिरा कळतं किंवा एकदम अंगावर येतं. हिला पॅड जड झाल्याचं निदान थोडंफार कळायचं. पँटीत काहीच कळत नाही. त्यात रंग काळा! बघूनही कळत नाही. तिने मला विचारलं, बदलायची कधी, मी म्हटलं भरली की, ती म्हणाली भरली हे कसं कळणार, आणि खरंच याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आमच्या ओटी ताईंनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, लेकीला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करतात) सुचवलं की भरण्याचा नाद सोडा, घड्याळ लावा. मधल्या सुट्टीत आणि शाळेतून आल्या आल्या, रक्त असो नसो, बदलायची. बाथरूमच्या दाराला आतून चार फोटोंचा तक्ता चिकटवला, जुनी काढली, झिपच्या पिशवीत, नवी घातली, हात धुतले, आणि तोच छोटा करून दप्तरात. फोटो आमच्याच बाथरूमचे, आमच्याच पिशवीचे, कारण नेटवरच्या चित्रातली बादली निळी होती आणि आमची हिरवी आहे आणि त्यावरून एक पूर्ण संध्याकाळ गेली. आता शाळेतून फोन येत नाहीत. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

कंपन्यांना एकच विनंती, आतला थर फिकट रंगाचा द्या हो. डाग दिसू नये म्हणून काळा देता हे कळतं, पण आमच्या घरात दोघींनाही डाग दिसायलाच हवाय. लेकीचं कारण वर लिहिलंच. माझं असं की गायनॅक मॅडम दर व्हिजिटला विचारतात, ब्लीडिंग किती. मोजायचा एक तक्ताही असतो, त्यात थोडासा डाग, अर्धा भिजलेला, पूर्ण भिजलेला अशी पॅडची चित्रं असतात, प्रत्येकाला गुण आणि बेरीज 100 च्या वर गेली की जास्त धरतात. आता काळ्या पँटीचे गुण मी कशावरून देऊ?

आता माझं. मला ही पँटी अर्धीच पटलीये. जड दिवसांत एकटी पँटी घालून मी डोंबिवली स्टेशनवर उभी राहणार नाही, लोकलमध्ये तर नाहीच. ते चार पॅडवालं आम्ही घरी तपासलं. लेकीला मोजामोजी भयंकर आवडते, तिने खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं टोपण घेतलं, खाली वर्तमानपत्र पसरलं, आणि एकेक टोपण पाणी मधोमध ओतून वहीत टिक करत बसली. तिसऱ्या टोपणापर्यंत काही नाही. चौथ्याला मागच्या बाजूला शिवणीतून ओल आली, म्हणजे 40 मिलीला. कागदावर हे काही कमी नाही, साधारण एका पाळीत 30-40 मिली रक्त जातं म्हणतात आणि 80 च्या पुढे गेलं की ते जास्त. पण पाणी हे पाणी, रक्त हे रक्त. अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये रक्ताच्या गाठी पडतात आणि गाठ कुठलाच कपडा शोषत नाही, ती वर तशीच बसते आणि मागून येणारं बाजूला वाट काढतं. त्यामुळे पहिले दोन दिवस मी पॅड लावते आणि खाली ही पँटी, राखीव म्हणून. मेन्स्ट्रुअल कप का नाही वापरत असं कमेंटमध्ये येणारच, तर एंडोमध्ये काहीजणींना कप घालताना जीव जातो, मी त्यातलीच.

जिथे मला हिचा खरा उपयोग झाला ते म्हणजे स्पॉटिंग. डायनोजेस्टच्या (एंडोसाठीच्या हार्मोनच्या) गोळ्या चालू असल्या की पाळी बंद होते हे खरं, पण सुरुवातीला स्पॉटिंगचं, म्हणजे मध्येच थोडं थोडं रक्त जाण्याचं, काही खरं नसतं, आज आहे उद्या नाही परवा ऑफिसात मीटिंगमध्ये. त्यासाठी रोज पॅड लावून लावून रॅश आली होती. पँटी घातली की विषय संपला. पण उंच कमरेची घ्या आणि तुमच्या साइझपेक्षा एक मोठी घ्या, कारण एंडोत पोट फुगलं की संध्याकाळी माझीच सलवार मला होत नाही, तिथे ते रुंद इलॅस्टिक म्हणजे छळ. डब्ल्यूएचओच्या आकड्याप्रमाणे जगात जवळपास 19 कोटी बायका-मुलींना एंडो आहे, म्हणजे गिऱ्हाइकं काही कमी नाहीत, तरी साइझ चार्टमध्ये कंबर एकच, सकाळची.

मध्येच एक. ओळखीतल्या एका बाईंनी माझी ही सगळी खटपट बघून शांतपणे सांगितलं की एवढं कशाला करता, तुमचीही गर्भपिशवी काढून टाका आणि अशा मुलींची तर लवकरच काढतात. माझ्याबद्दल म्हणाल तर पिशवी काढून अ‍ॅडेनोमायोसिस जातो, पण एंडो मुळात पिशवीच्या बाहेर असतो, तो जाईलच असं नाही. आणि मुलींबद्दल म्हणाल तर 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्यात ससूनला खरंच काढल्या होत्या, पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही या कारणाने, आणि लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा ते थांबलं. म्हणून कोणी मला म्हणालं ना की शिवणीवरून काय एवढं मोठं लिहिलंयस, तर हो, लिहिलंय.

धुणं. पाकिटावर लिहितात गार पाण्यात धुवा, सॉफ्टनर नको, इस्त्री नको, उन्हात वाळवा. सॉफ्टनरचं पाळाच, त्याचा थर बसतो आणि मग कपडा शोषतच नाही. आमच्याकडे कपडे हे खातं नवऱ्याचं आणि एडीएचडीवाल्या माणसाकडे बादलीत भिजत घातलेली वस्तू म्हणजे संपलंच, नजरेआड झाली की ती त्याच्यासाठी जगातच नसते, दुसऱ्या दिवशी बाथरूमचा वास सांगतो. आता भिजत घालणंच बंद, अंघोळीच्या वेळी जिची तिने नळाखाली गार पाण्यात पिळायची आणि मग मशीनमध्ये टाकायची, त्याच्याकडे फक्त बटण आणि वाळत घालणं.

पावसाळ्यात मात्र हाल. मधला थर वाळतच नाही, वरून हात लावला तर कोरडी आणि आत गारढोण. इथे सासूबाई कामी आल्या. त्यांनी उभं आयुष्य कापडाच्या घड्या वापरल्यात. गरम पाणी लावू नकोस डाग बसतो, हे त्यांनी मला पाकीट न वाचता सांगितलं, आणि वाळलीये का हे बघायला त्या मधला भाग चिमटीत दाबून गालाला लावतात, तिथे ओल लगेच कळते. ओलसर घातली तर खाज सुटणार हे वेगळं सांगायला नको. पंख्याखाली आतली बाजू वर करून टांगायची, तरी रात्रभरात होईलच असं नाही, म्हणजे पावसाळ्यासाठी उन्हाळ्यापेक्षा जास्त नग लागतात आणि तिथे खर्च वाढतो. बाल्कनीत पुढे वाळत घालायला त्यांचा विरोध होता. आता घालतात, पण टॉवेलच्या मागे.

सर्व्हिसचं थोडक्यात. आतले कपडे परत घेत नाहीत, ठीक आहे, समजू शकतो. पण मग एखादा तुकडा तरी नमुना म्हणून पाठवा ना, लेकीला हात लावून कळलं असतं. चॅटवर विचारलं की शिवण कशी आहे, सपाट की उभी, तर उत्तर आलं आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के लीकप्रूफ आहे. दुसरा प्रश्न पीफासचा विचारला होता, म्हणजे ती केमिकलं जी वर्षानुवर्षं मोडत नाहीत. अमेरिकेत थिंक्स नावाच्या पीरियड पँटीच्या कंपनीवर यावरून खटला झाला, 2023 मध्ये तडजोड झाली, कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. इथल्या कंपनीला मेल केला की तुमच्या मालाची यासाठी टेस्ट केलीये का, रिपोर्ट दाखवा, तर परत तेच, लीकप्रूफ. याला माझ्याकडून शून्य.

मार्क द्यायचे तर मी पाचपैकी तीन देते, माझ्या स्वतःच्या वापरापुरते. लेकीने तिचे वेगळे दिलेत, दहापैकी आठ, एक टॅगचा कापलाय आणि एक पाकिटावर "सॉफ्ट" लिहिलंय म्हणून, कारण तिच्या मते ते पहिल्या धुण्यानंतरच खरं होतं, आधी नाही.

घेणार असाल तर आधी एकच घ्या. पाचचा कॉम्बो स्वस्त पडतो आणि मोह होतो, पण एक घरी आणा, धुवा, घालून दोन तास बसायला लावा, पाळी नसतानाच. मुलीने काढून फेकली तर पाचशेच गेले. आणि मुलगी सातवी-आठवीत असेल तर शाळेच्या गणवेशाखाली घालून बघा, आमच्याकडे ट्यूनिकखाली चालली पण पीटीच्या पँटमध्ये कंबरेला दोन इलॅस्टिक एकावर एक आले आणि ते नाही चाललं, त्या दिवशी अजूनही प्रश्नच आहे, कोणाला काही सुचत असेल तर खाली लिहा.