बल्क लोडर: नागपूरचा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

बल्क लोडर म्हणजे लांबलचक फिल्मच्या डब्यातून कॅमेऱ्याच्या रिकाम्या कॅसेट घरी भरायचं यंत्र. फिल्मच्या १०० फुटी डब्यातून, म्हणजे ३०.५ मीटरमधून, ३६ फ्रेमचे १८ रोल आरामात निघतात. एका फ्रेमला ३८ मिलिमीटर लागतात. पुढची जीभ (कॅमेऱ्यात अडकवायचं टोक) आणि मागचा वाया जाणारा तुकडा धरून रोलमागे साधारण १.६५ मीटर पकडा. हँडल अजून फिरतंय म्हणून ४० फ्रेम कोंबू नका. फिल्म कॅसेटमध्ये घासते आणि फिल्म धुण्याच्या टँकच्या रिळावर शेवटचं टोक मावत नाही.

डबा लोडरमध्ये चढवायचा तो मिट्ट अंधारात, लाल दिवाही नको. पुढचं सगळं उजेडात, फिल्मचं टोक कॅसेटच्या स्पूलला (मधल्या दांडीला) जोडणंही. म्हणूनच प्रत्येक रोलच्या शेवटच्या एक-दोन फ्रेमना उजेड लागलेला असतो, तिथे कामाचा फोटो ठेवू नये.

यंत्रात बिघडण्यासारखं फारसं नाही. त्रास देतात ते मखमल आणि टेप. फिल्म ज्या फटीतून बाहेर येते तिथल्या मखमलीत उन्हाळ्यातल्या धुळीचा एक कण अडकला की नेगेटिव्हवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ. रेघ एकाच कॅसेटमध्ये येत असेल तर ती कॅसेट फेका. सगळ्या कॅसेटमध्ये त्याच जागी येत असेल तर कॅमेरा बदलून बघा. तरीही आली तर लोडरच. नवा डबा चढवण्याआधी मास्किंग टेपची चिकट बाजू मखमलीवर टिपून घ्यायची. ब्रशने धूळ आणखी आत जाते.

स्पूलला फिल्म जोडायला सेलोटेप अजिबात नको. मे महिन्यात त्याचा गोंद पाघळतो, शेवटच्या फ्रेमला कॅमेऱ्याने ओढ दिली की जोड सुटतो आणि फिल्म रिवाइंडच होत नाही. मग कॅमेरा अंधारात उघडण्यावाचून गत्यंतर नाही. चांगल्या मास्किंग टेपचा पाचेक सेंटीमीटरचा तुकडा घ्या, अर्धा फिल्मच्या एका बाजूला, स्पूलभोवती वळवून उरलेला दुसऱ्या बाजूला. मग जरा ओढून बघा. फिल्मची मॅट बाजू आत राहिली पाहिजे.

कोरड्या हवेत हँडल भरभर फिरवलं तर स्थिर विजेच्या ठिणग्या पडतात. प्रिंटवर विजेच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. हळू फिरवा. कूलर सुरू असलेल्या खोलीत हा त्रास कमी होतो, पण वाऱ्याचा झोत टेबलावर नको, धूळ तोच आणतो. पावसाळ्यात उलटं: फ्रिजमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडला तर फिल्मवर दव धरतं.

महिन्याला जेमतेम एक रोल काढणाऱ्याने यात पडू नये, फिल्म अख्खा उन्हाळा लोडरमध्येच काढेल. जास्त काढणाऱ्यांना खरी मजा १२ फ्रेमच्या छोट्या रोलची. नवी लेन्स किंवा नवं डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) तपासायला ३६ फ्रेम कशाला घालवायच्या?

भरलेल्या कॅसेटवर फिल्मचं नाव आणि फ्रेम लगेच लिहा. डीएक्स कोड, म्हणजे कॅमेऱ्याला फिल्मचा आयएसओ (प्रकाश टिपण्याचा वेग) सांगणारी कॅसेटवरची खूण, नसलेली कॅसेट बरेच ऑटोमॅटिक कॅमेरे १०० आयएसओ समजतात, म्हणजे ४०० ची फिल्म दोन स्टॉप जास्त एक्स्पोज होते, तिच्यावर चौपट उजेड पडतो. तिथे कोडचं स्टिकर लावा, नाहीतर आयएसओ हाताने लावता येणारा कॅमेरा वापरा.