रिवाइंडिंगच्या नावाखाली माझ्या जुन्या स्लॉट कार मोटारी लुबाडल्या, सावध राहा

३४९ पौंड ५० पेन्स. रुपयांत चाळीस हजारांच्या घरात. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पुण्याला ज्याला ज्याला सांगितलं त्याचा पहिला प्रश्न "किती गेले?" आणि दुसरा "खेळण्यातल्या गाडीच्या मोटारीपायी?" हो, खेळण्यातल्या गाडीच्या मोटारीपायी. स्लॉट कार म्हणजे खोबणीच्या ट्रॅकवर विजेवर पळणारी छोटी गाडी. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्यावं. पुढचं त्यांच्यासाठी, जे माझ्यासारखे इंग्लंडात राहतात, रविवारी सकाळी कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात) जुने डबे उचकतात आणि ज्यांच्या घरात १९६० च्या दशकातल्या दोन-चार मोटारी पडून आहेत.

वाइंडिंग करून देणाऱ्या एका माणसाकडे, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून घ्यायला, मी सहा मोटारी पाठवल्या. हिशेब असा. सहा मोटारींचं वाइंडिंग, प्रत्येकी ३८, म्हणजे २२८. बॅलन्सिंग प्रत्येकी ७, म्हणजे ४२. परतीचं पोस्टेज १४.५०. आणि मधेच, त्यातल्या पिटमन कंपनीच्या मोटारीबद्दल, "तुमच्या पिटमनचं मॅग्नेट मेलंय" म्हणून वेगळे ६५. सगळं बँक ट्रान्सफरनं. मोटारी माझ्याच होत्या, त्यांची किंमत यात धरलेलीच नाही.

त्यातल्या तीन माबुची कंपनीच्या १६डी मॉडेलच्या, दोन ३६डी. रेव्हेल, मोनोग्राम, रसकिट यांच्या अमेरिकन गाड्यांत त्या काळी जपानच्या माबुचीच्याच या पत्र्याच्या कॅनमधल्या (डब्यातल्या) मोटारी असायच्या. सहावी पिटमन, उघड्या सांगाड्याची, अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) मॅग्नेटवाली. सगळ्या चालत होत्या. दोन जरा अडखळत होत्या, एवढंच.

मग पाठवल्या कशाला? हा प्रश्न बायकोनं विचारून झालाय, तुम्ही नका विचारू. मला मोटार उघडता येते. कॅनचे वाकवलेले कान चिमट्यानं हळू सरळ करायचे, एंडबेल (टोकाचं झाकण) ओढून घ्यायची, ब्रश आणि स्प्रिंगा बाटलीच्या झाकणात वेगळ्या ठेवायच्या, की आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरणारा भाग, हातात. शाफ्ट हॅन्ड ड्रिलमध्ये धरून कम्युटेटरला (ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांना) बारीक पॉलिश पेपर हलका लावायचा, मग पट्ट्यांमधल्या फटीतला तांब्याचा कीस लाकडी टूथपिकनं काढायचा. हे न करता मोटार बंद केली तर तो कीस दोन पट्ट्या जोडून टाकतो आणि मग शॉर्ट कुठे आहे ते शोधत बसा. वाइंडिंगही मी केलेलं आहे. तिन्ही दांड्यांवर एकाच दिशेनं, मोजून तेवढेच वेढे, टोकाचं एनॅमल खरवडायचं, कम्युटेटरच्या पट्टीला डाग द्यायचा. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, चिमटा, तारेचं रीळ. बस.

पण बॅलन्सिंग. वेढे घातले की आर्मेचर एका बाजूला जड होतोच. दोन ब्लेड सपाटीत समोरासमोर उभी करून त्यांच्या धारेवर शाफ्ट ठेवला की जड बाजू खाली येते, तिथला पत्रा कणभर घासायचा. घरी एवढंच जमतं. फिरत्या आर्मेचरचं खरं बॅलन्सिंग मशीनवर होतं, आणि या माणसाच्या व्हिडिओत मशीन होतं. २९ गेजची तार, ५५ वेढे, इपॉक्सी, बॅलन्सिंग, सगळं ३८ अधिक ७ मध्ये. माझं काय चुकलं सांगा. जुन्या मोटारीवाल्यांच्या घोळक्यात त्याला सगळे ओळखत होते. पुढे कळलं की ते त्याची उत्तरं ओळखत होते. त्याचं काम हातात घेऊन पाहिलेला एकही निघाला नाही.

आता त्यानं मला पाठवलेला व्हिडिओ.

मी मागितलं होतं की मोटार बंद करायच्या आधी गुंडाळलेल्या आर्मेचरचा फोटो पाठव. उत्तर आलं, "बंद करून झाल्यात, पुन्हा उघडल्या तर कान तुटतील." हे खरं आहे! साठ वर्षं जुना पत्रा दोन-तीनदा वाकवला की कान मोडतो, मी स्वतः मोडलेत. तो ज्या गोष्टी सांगायचा त्या अशाच खऱ्या असायच्या, आणि तिथेच माणूस फसतो. खोटं बोलणाऱ्याला आपण पकडतो, खऱ्या कारणाचा आडोसा घेणाऱ्याला कोण पकडणार?

फोटोऐवजी त्यानं आधीच घेतलेला म्हणून मोजणीचा व्हिडिओ पाठवला. डाव्या हातात आर्मेचर, मीटरचे दोन्ही प्रोब उजव्या हातात चॉपस्टिकसारखे धरलेले. कम्युटेटरच्या पट्ट्यांची पहिली जोडी ०.३ ओहम. आर्मेचर फिरवला, दुसरी जोडी ०.३. तिसरी ०.३. मी खूश. तिन्ही सारख्या म्हणजे वेढे सारखे, आणि ओहम कमी म्हणजे तार जाड, वेढे कमी, मोटार "गरम", म्हणजे आमच्या भाषेत जास्त वेगाची.

अहो, पण ०.३ म्हणजे काय? स्वस्त मीटरचे दोन प्रोब नुसते एकमेकांना टेकवा, साधारण तेवढंच दिसतं. तो वायरींचाच रेझिस्टन्स असतो. म्हणून तर आधी प्रोब टेकवून तो आकडा टिपायचा आणि पुढच्या मोजणीतून वजा करायचा. मी हे इतरांना शिकवलेलं आहे. त्या व्हिडिओत त्याचा अंगठा दोन्ही प्रोबांच्या टोकांवर आहे, आणि तिसऱ्या मोजणीला अंगठा जरा सरकतो तेव्हा टोकं एकमेकांना चिकटलेली चक्क दिसतात. अर्ध्या सेकंदाचा खेळ. मी तो व्हिडिओ तेव्हा फोनवर, ट्रेनमध्ये उभ्यानं पाहिला. पैसे गेल्यावर मोठ्या स्क्रीनवर पाहिला आणि हात थरथरायला लागले. कोणाचाही मोजणीचा व्हिडिओ आला तर अंगठा बघा. आणि प्रोब टेकवून शून्य दाखवायला सांगा, तेही त्याच व्हिडिओत, कापाकापी न करता.

डबा आला. मोटारी चकचकीत. पहिली १६डी १२ व्होल्टवर लावली, तर गुरगुरली आणि तापली. उघडली. पाठवण्याआधी मी तिन्ही १६डींचे आकडे लिहून ठेवले होते: प्रत्येक जोडीत १.९ ओहम. जाड तार, कमी वेढे म्हटल्यावर हा आकडा एकच्या खाली यायला हवा. मिळाला २.४, २.४ आणि २.०. म्हणजे वाइंडिंग गरम नाही, उलट मूळपेक्षा थंड, आणि एका दांडीवर वेढे आतल्या आत शॉर्ट. शिवाय मी आर्मेचरच्या पत्र्यांच्या थप्पीवर सुईनं बारीक खूण करतो, ती तिन्हींपैकी एकावरही नव्हती. माझे आर्मेचर काढून घेतले आणि कुठल्या तरी भंगार मोटारींतले माझ्या कॅनमध्ये बसवले. बाहेरून काय कळणार? कॅन माझा, एंडबेल माझी.

३६डींना तर त्यानं हातही लावला नव्हता. खूण जागेवर, ओहम तेच, वरून लाल वार्निश फासलेलं. नेलपेंटचा वास येत होता.

पिटमनचं सगळ्यात जास्त लागलं. माबुचीच्या कॅनमधलं फेराइट मॅग्नेट आर्मेचर काढला म्हणून मरत नाही. अल्निकोचं तसं नसतं. आर्मेचर बाहेर काढताना मॅग्नेटच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचा तुकडा ठेवावा लागतो, नाहीतर त्याची ताकद तिथल्या तिथे उतरते. म्हणजे यानं तो तसाच उपसला, मॅग्नेट स्वतः मारलं आणि ते मेलं म्हणून माझ्याकडून ६५ पौंड घेतले. नवं घातलं म्हणे. कोपऱ्यावरचा टवका जिथे होता तिथेच आहे.

माझे वडील पंखा वाइंडिंगला टाकला की दुकानदाराकडून जुनी तार परत मागून घ्यायचे. आम्हाला लाज वाटायची. आता कळतंय. जुनी तार, जुने ब्रश, काढलेलं मॅग्नेट, सगळं परत मागा. जो म्हणेल "टाकून दिलं", त्याला मोटार देऊ नका.

तक्रारीचं ऐका. बँकेत फोन केला. पहिली बाई फार गोड बोलली. इथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकेनं परत द्यायचे, ८५,००० पौंडांपर्यंत, फार तर १०० पौंड कापून. माझ्या जिवात जीव आला. मग दुसऱ्या माणसाचं पत्र: तुम्हाला माल मिळाला आहे, तुम्ही मालाच्या दर्जाबद्दल नाराज आहात, हा तुमचा आणि विक्रेत्याचा दिवाणी वाद, नियमात बसत नाही. माल मिळालाय! माझाच माल मला परत मिळालाय, आतडी काढून! त्यानं रिकामा डबा पाठवला असता किंवा काहीच पाठवलं नसतं, तरी फसवणूक म्हणायला जागा राहिली असती. त्याला हे माहीत होतं. म्हणूनच डबा वेळेवर, ट्रॅकिंग नंबरासकट आला. वर बँकेनं ऐकवलं की खात्याचं नाव जुळत नसल्याची सूचना तुम्हाला दिली होती. दिली होती. तो म्हणाला खातं बायकोच्या नावावर आहे. आमच्या घरचं विजेचं बिल बायकोच्याच खात्यातून जातं, मला त्यात काय वावगं वाटणार? पण तुम्ही लक्षात ठेवा: नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, कारण पुढे तीच ओळ तुमच्या तोंडावर फेकली जाते.

फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी वेबसाइटवर अर्ज भरला. त्यात वस्तूचा प्रकार निवडायचा होता, "खेळणी" सोडून जवळचं काही नव्हतं. क्रमांक मिळाला. पुढे पत्र आलं की तपासाला पुरेसा धागा नाही. मी खातं क्रमांक दिला होता, व्हिडिओ दिला होता, आधीचे-नंतरचे आकडे दिले होते. आणखी कोणता धागा हवा, दोरखंड?

पोलिसांना फोन केला तर पलीकडचा पोरगा विचारतो, आर्मेचर म्हणजे काय. समजावलं. मग म्हणाला, "म्हणजे मोटारी तुमच्याकडेच आहेत ना?" मी पुन्हा समजावलं. त्यानं "टॉय कार पार्ट्स, डिस्प्यूट" असं लिहून घेतलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दिवस चांगला जावो म्हणाला. याच देशात टीव्हीचं लायसन नसलं तर घरी पत्रांवर पत्रं येतात. छोट्या दाव्यांच्या कोर्टात या रकमेला ५० पौंड फी आहे, ती मी भरली असती. पण दाव्याला प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे होता तो पत्ता पार्सल घेऊन ठेवणाऱ्या एका कोपऱ्यावरच्या दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणाला, रोज शंभर लोक येतात.

पैसे कार्डानं द्या. पेपॅलसारख्या ऑनलाइन सेवेतल्या "मित्र-नातेवाईक" या पर्यायानं कधीच देऊ नका, त्याला खरेदीचं संरक्षण नसतं. पाठवण्याआधी तिन्ही जोड्यांचे ओहम लिहा, आर्मेचरवर खूण करा, खुणेचा फोटो ठेवा. पहिल्यांदा एकच मोटार पाठवा, तीही सगळ्यात भिकार. आणि अल्निकोवाली मोटार तर कोणालाच देऊ नका, कोणीही असो.

मागच्या आठवड्यात एका ओळखीच्यानं मला एक जाहिरात पाठवली. नाव दुसरं, व्हिडिओ तोच. वाइंडिंग आता ४२ पौंड, पिटमनचं मॅग्नेट ७५. मी खाली लिहिलं की हा चोर आहे, तर बदनामीकारक मजकूर म्हणून माझंच लिहिणं काढून टाकलं. जाहिरात अजून आहे.