दोन घरचा पाहुणा, पण उपाशी नाही : हलक्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटचे आठ महिने

माझा लॅपटॉप सव्वा किलोचा. ८ जीबी रॅम बोर्डालाच जोडलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. एसएसडी २५६ जीबीची. काम भाषांतराचं, त्यामुळे ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब आणि एक जाडजूड फाईल कायम उघडी. विंडोज ११ वर एवढ्यानेच पंखा घरघरायला लागायचा. म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्याच्या शेजारी लिनक्स मिंट २२ टाकलं. ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम; लॅपटॉप चालू करताना दोन्हींपैकी एक निवडायची. मिंटच्या पडद्याच्या मांडणीत (डेस्कटॉप) प्रकार आहेत, त्यातलं हलकं म्हणून एक्सएफसीई.

मिंट बसवायला अर्धा तास लागला, जागा करायला अख्खी संध्याकाळ. डिस्क निम्मी रिकामी होती, पण विंडोज तीसेक जीबीच्या वर सोडेना. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करण्याची सोय) फाईल मध्येच ठाण मांडून बसलेली. हायबरनेशन बंद केलं आणि जागा सुटली. त्याबरोबर विंडोज झटपट चालू करणारं फास्ट स्टार्टअपही गेलं, हे उत्तम झालं. ते चालू असलं की विंडोज पुरतं बंदच होत नाही आणि लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर (डिस्कच्या त्या भागावर) काही लिहिता येत नाही.

मग माझा गाढवपणा. कुठल्याशा जुन्या सल्ल्यावरून सिक्युअर बूट (चालू होताना अनोळखी सिस्टीम अडवणारं संरक्षण) बंद केलं. मिंटसाठी ते बंद करायची गरजही नव्हती! बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे हे मी पाहिलंच नव्हतं. पुढच्या वेळी विंडोजने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडली म्हणून निभावलं. तुम्ही करणार असाल तर आधी ती की कागदावर उतरवा. बॅकअप वगैरे नंतर.

घड्याळाची गंमत वेगळीच. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की वेळ साडेपाच तास मागे. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. मिंटला एका ओळीची आज्ञा देऊन स्थानिक वेळ पाळायला लावली, तंटा मिटला.

रोजचा अनुभव? नुसतं चालू असताना रॅम १ जीबीच्या आसपास. पंखा क्वचितच ऐकू येतो. मराठी टंकायचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे तोच, त्यामुळे बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. 'दुसऱ्या'तला ऱ्य सुद्धा नीट उमटतो. वायफाय, ब्लूटूथ, प्रिंटर पहिल्या दिवसापासून चालू. बोटाचा ठसा मात्र ओळखत नाही, पासवर्ड टाकावा लागतो.

खरी दुखरी नस झोपेची. या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची गाढ झोप नाहीच, नुसती डुलकी. झाकण मिटून रात्रभर ठेवला तर सकाळी बॅटरी १२-१५ टक्क्यांनी उतरलेली. एकदा तर बॅगेतून काढला तेव्हा चांगलाच तापलेला होता. महिनाभर सेटिंगशी झटापट केली आणि सोडून दिली. आता बॅगेत टाकायच्या आधी सरळ बंद करतो. वीस सेकंदांत परत चालू होतो, मग कशाला जीव काढायचा? चालू असताना बॅटरी विंडोजइतकीच टिकते. लिनक्स टाकलं की बॅटरी दुप्पट चालते असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

विंडोज ठेवलंय ते एका प्रकाशकाच्या पेजमेकरमधल्या (पुस्तकाची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) जुन्या फायलींसाठी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, लिनक्सवर कधी आलीच नाही. त्या फायली महिन्यातून एकदा येतात. तेवढ्यात विंडोजची अपडेटं साचलेली असतात, म्हणून आदल्या रात्रीच ते उघडून, चार्जर लावून ठेवतो.