गटाचा स्वतःचा लोगो की विद्यापीठाची मुद्रा?

विभागात नवा संशोधन गट सुरू झाला, की महिन्याभरात कोणीतरी पीएचडीचा विद्यार्थी रात्र जागवून लोगो करून आणतो. त्यात हमखास अणू, डीएनएची शिडी नाहीतर मेंदू. सरांनाही आवडतो. मग पोस्टर छापायची वेळ आली, की प्रश्न पडतो: वर कोण, आपण की विद्यापीठ?

पर्याय तीन. पहिला: वर विद्यापीठाची मुद्रा आणि खाली साध्या अक्षरांत गटाचं नाव. परगावच्या परिषदेत तुमचा गट कोणाला ठाऊक नसतो, विद्यापीठ असतं. हा मोठाच फायदा. अडचण मुद्रेच्या रेखाटनात आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मुद्रांमध्ये दिवा, पुस्तक, संस्कृत ब्रीदवाक्य असं सगळं एका गोलात कोंबलेलं असतं. स्लाइडच्या कोपऱ्यात त्याचा ठिपका होतो. आमच्या गटाने एकदा मुद्रा व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलली. ए-शून्य आकाराच्या, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरच्या निळ्या पोस्टरवर तिच्याभोवती पांढरा चौकोन उमटला आणि ब्रीदवाक्याचा चिखल झाला. छपाईवाला म्हणाला, "सीडीआर फाइल आणायची ना!" म्हणजे कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल.

दुसरा: फक्त स्वतःचा लोगो. गट सॉफ्टवेअर, उपकरण किंवा डेटासंच बाहेर देत असेल, तर याला अर्थ आहे. वापरणारा त्या वस्तूचं नाव लक्षात ठेवतो, विभागाचं नाही. एरवी हा लोगो सरांच्या निवृत्तीपर्यंतच टिकतो. शिवाय एकाच विभागाच्या फलकावर सहा गटांचे सहा लोगो लागले, की निवडणुकीच्या मतपत्रिकेची आठवण येते.

तिसरा: विभागाने आखलेली एकच पद्धत, त्यात प्रत्येक गटाचं वेगळं चिन्ह. याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटीची मीडिया लॅब. २०११ मध्ये तिथे संगणकाने आकार बनवणारा लोगो आला. त्याची सुमारे ४०,००० रूपं होऊ शकत होती, त्यामुळे प्रत्येकाच्या व्हिजिटिंग कार्डावर वेगळं रूप. कल्पना झकास, पण इतक्या रूपांतून बाहेरच्या माणसाने लॅब ओळखायची कशी? २०१४ मध्ये पेंटाग्राम या डिझाइन संस्थेच्या मायकेल बेरूट यांनी सात बाय सात चौकटींची जाळी घेतली, तिच्यात लॅबची आद्याक्षरं बसवली आणि त्याच जाळीतून २३ संशोधन गटांची चिन्हं काढली. गट वेगळे दिसतात, घराणं एकच कळतं. मला तिन्हींत हाच मार्ग आवडतो. पण तो एकट्या गटाला जमणारा नाही. त्यासाठी विभागप्रमुखांनी बैठक घ्यायला हवी आणि सगळ्या सरांनी आपापला मेंदू-अणू मागे घ्यायला हवा. आमच्याकडे पहिलं झालं, दुसरं नाही.

तेव्हा चार-पाच जणांचा, नुसते शोधनिबंध लिहिणारा गट असेल तर पहिला पर्याय घ्या. विद्यापीठाचं नाव मात्र गटाच्या चित्रात गुंफू नका, वेगळ्या ओळीत ठेवा. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. अशा वेळी वेगळी ओळ बदलणं पाच मिनिटांचं काम, चित्र मात्र नव्याने काढावं लागतं. मुद्रा वापरायची परवानगी कुलसचिव कार्यालयातून लेखी घ्या, आणि तिथेच मुद्रेची मूळ व्हेक्टर फाइलही (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) मागा. पोस्टरच्या आदल्या संध्याकाळी ते कार्यालय बंद असतं.