रुचिरा : वाटी-चमच्याच्या मापाचं पुस्तक

सात वर्षांपूर्वी बदली होऊन नांदेडला आलो, तेव्हा एकटाच होतो. पहिले दोन महिने डबा लावला, मग कंटाळून स्वतःच करायला घेतलं. साताऱ्याला आईला फोन करायचो. आमटीत पाणी किती? "लागेल तेवढं." मीठ? "अंदाजानं घाल रे." चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या हाताला तो अंदाज असतो, माझ्या हाताला कुठून असणार? त्या दिवाळीत घरी गेलो तर तिनेच कपाटातून कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' काढून माझ्या बॅगेत ठेवलं.

हे पुस्तक पहिल्यांदा १९७० साली आलं आणि त्याच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. माझ्या मते कारण एकच : मापं वाटीची आणि चमच्याची. वजनकाटा नको, खुणांचा कप नको. आपल्या घरातली कुठलीही वाटी घ्या, फक्त पदार्थ होईपर्यंत ती बदलू नका. म्हणजे खरं तर आपण प्रमाण शिकतो. ते एकदा डोक्यात बसलं की पुस्तक उघडावं लागत नाही.

रात्री उशिरा घरी आलो की मी तांदळाची उकड करतो. एक वाटी पीठ, दोन वाट्या आंबट ताक, एक वाटी पाणी. हे सगळं गॅस पेटवायच्या आधीच कालवून घेतो, गुठळी राहत नाही. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. त्यावर हे ओतायचं आणि हलवत राहायचं. पीठ कडा सोडून गोळा व्हायला लागलं की झाकण ठेवून दोन वाफा. ताटलीत घेतल्यावर वरून कच्चं तेल. हे प्रमाण माझ्या वाटीने बसवलेलं आहे. पीठ जुनं असेल तर पाणी थोडं जास्त ओढतं.

पाहुणे आले की याच सवयीचा उपयोग होतो. मसाला, डाळ, तांदूळ सरळ दुप्पट. पाणी मात्र दुपटीला थोडं कमी, कारण भांडं मोठं झालं तरी वाफ काही दुप्पट जात नाही. मीठही आधी दीडपट घालून चव बघायची.

एका ठिकाणी मात्र मी वाटी बाजूला ठेवतो : केक. मैदा चाळून भरला तर वाटीत कमी बसतो, दाबून भरला तर बराच जास्त. आमटीला तेवढा फरक चालतो, केक मात्र बसतो. तिथे वजनकाटाच हवा.

मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा'ही माझ्याकडे आहे. तेही चांगलं आहे, पण माझा हात आधी 'रुचिरा'कडे जातो. आईच्या प्रतीत थालीपिठाच्या भाजणीचं पान तेलाने पारदर्शक झालंय. पलीकडची अक्षरं उलटी दिसतात.

भाचा येत्या जूनमध्ये शिकायला पुण्याला जातोय, खोली घेऊन राहणार आहे. त्याच्यासाठी एक नवी प्रत आणि सपाट बुडाची एक स्टीलची वाटी आणून ठेवली आहे.