झटका मशीन: सात महिने, एक कुत्रा आणि ती टकटक

मशीन सध्या दुरुस्तीला गेलंय, म्हणून लिहायला सवड मिळाली.

पाडव्याला घेतलं. घर नाशिकच्या मखमलाबादला, पाच गुंठे आवार, भिंत कमरेएवढी, आणि आमचा कुत्रा टिप्या ती भिंत नाहीच असं समजून चालणारा. दूधवाल्याची गाडी दिसली की हा मागे. दोनदा चाकाखाली येता येता वाचला. शेतात रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडायला लावतात तेच सोलरचं मशीन आणलं, साडेसात हजार. तार विकत घेतली नाही. भावाच्या द्राक्षबागेत मांडवाची उरलेली पडून होती. भिंतीच्या आतून एक पदर टिप्याच्या नाकाच्या उंचीवर, दुसरा भिंतीच्या माथ्यावर. झटका नाकाला बसला तरच कळतो, केसांतून फारसा लागत नाही.

शेजारी विचारतात, मरणार नाही का कुत्रं? घरातल्या 230 व्होल्टची तार थेट कुंपणाला जोडली तर कुत्रंच काय, माणूसही मरेल. तो करंट सलग असतो. इथे व्होल्ट काही हजार, पण झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा, आणि मग सेकंदभर काही नाही. मी स्वतः हात लावून पाहिला. कोपरापर्यंत सणक गेली आणि दुसऱ्या हातातला चहा लेंग्यावर.

बिबट्यासाठी मात्र हे नाही, तो सहज उडी मारेल. अंधार पडला की टिप्या घरात.

माझी तक्रार झटक्याची नाहीच, आवाजाची आहे. दर सेकंदाला टक्. मशीन पडवीत, पलीकडे खिडकीशी माझी खाट. दुपारी जेवून जरा लवंडावं तर टक्. टक्. टक्. कानावर उशी घेतली, मशीनवर गोधडी टाकली (ते तापलं), शेवटी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करून दुकानदाराला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

एप्रिलअखेर झटकाच नाहीसा झाला. टिप्या तारेला नाक लावून उभा! दुकानदार म्हणाला, "काका, मशीन ओके आहे, तुमचं अर्थिंग बघा." तीनशे रुपये व्हिजिटचे घेऊन त्याचा पोऱ्याही तेच म्हणाला. मी भांडलो, पण खरं त्यांचंच होतं. करंट तारेतून कुत्र्यात, कुत्र्यातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईवाटे मशीनकडे परततो. आमचा मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, वाट तिथेच बंद. कोळसा-मीठ घालून खड्डा पुन्हा भरला, आता भाज्या धुतलेलं पाणी रोज तिथेच ओततो. तीनशे मात्र मनातून गेलेले नाहीत.

मग मे महिन्यात वैतागून दुपारपुरतं बटण बंद करायला लागलो. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी टिप्या भंगारवाल्याच्या हातगाडीमागे थेट चौकात. मला वाटलं योगायोग. चौथ्या दिवशी झोपेचं सोंग घेऊन पाहत राहिलो. टकटक थांबली, याने कान उभे केले, थोडा वेळ बसला, मग तारेजवळ गेला आणि आरामात भिंतीवरून पलीकडे. म्हणजे मी ज्या आवाजाला शिव्या घालत होतो, त्याच्यावरच माझं कुत्रं आवारात राहत होतं. बटण पुन्हा चालू. खाट मागच्या खोलीत नेली.

पावसाळ्यात गाजरगवत तारेला टेकतं, झटका गवतातूनच जमिनीत उतरतो, आणि ढगांमुळे बॅटरीही भरत नाही. दर आठवड्याला विळा घेऊन फेरी मारा, दुसरा उपाय नाही.

आता बिघाडाचं. पंधरा दिवसांपूर्वी मशीन बंद पडलं. उघडलं तर सर्किटवर मेलेली पाल. दुकानदार म्हणे, किडा-मुंगी, पाल, उंदीर वॉरंटीत येत नाहीत. जनावरं अडवायचं मशीन आणि जनावरांमुळे बिघडलं तर जबाबदारी माझी!

पण टिप्याला कुठे ठेवायचं? बांधलं तर रडतो. तेव्हा ते एप्रिलमधलं रेकॉर्डिंग आठवलं. नातवाने जुन्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाजेल असं लावून दिलं, मोबाइल पडवीत मशीनच्या जागी ठेवला. तेरा दिवस झाले, टिप्याने भिंतीकडे पाहिलेलं नाही.

परवा फोन आला, मशीन तयार आहे, अठराशे पन्नास द्या आणि घेऊन जा. अजून गेलेलो नाही.